ताप चढतो, वजन वाढतं

पत्र: नमस्कार ताई. मी मूळची केरळमधल्या कोट्टायमची. लग्न होऊन नाशिकला आले आणि इथल्याच एका रुग्णालयात नर्स आहे. मराठी वॉर्डातच शिकले. आता बऱ्यापैकी बोलते, पण ‘चढणे’ या एका शब्दाने मला दमवलंय. ताप चढतो, म्हणून मी ‘आजोबांचं वजन चढलं’ म्हटलं तर सगळे हसले. नातेवाइकांना ‘आत चढा’ म्हटलं तर ते पायरी शोधायला लागले. एका काकांना नुसतं ‘चढली का?’ विचारलं, मला सलाईन म्हणायचं होतं, तर अख्खा वॉर्ड खिदळला. माझी मुलगी म्हणते ‘आम्ही गड चढलो’, शेजारचा मुलगा म्हणतो ‘आम्ही गड चढला’. यातलं बरोबर कोणतं? आणि एक मनाला लागलेली गोष्ट. परवा एका पेशंटचे नातेवाईक मला म्हणाले, ‘सिस्टर, जास्त चढू नका.’ ही शिवी आहे का? मी काय म्हणायला हवं होतं?
– एक सिस्टर, नाशिक

सिस्टर, नमस्कार.

आधी ‘चढली का?’चं निस्तरू. मराठीत नाव न घेता नुसतं ‘चढली’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाटलीच येते, पण ती सलाईनची नसते. दारू स्त्रीलिंगी आहे आणि ‘चढली’ हे रूप तिने केव्हाच स्वतःच्या नावावर करून घेतलं आहे. ‘चढला’ म्हटलं तर ताप असू शकतो, पारा असू शकतो, एखादा माणूसही असू शकतो. ‘चढलं’ म्हटलं तर पाणी, विष, रक्त. ‘चढली’पुढे मात्र कोणी दुसरा विचारच करत नाही. तेव्हा ‘काका, सलाईन संपत आली का?’ असं पूर्ण वाक्य विचारत जा. काकांनी काय उत्तर दिलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण वॉर्ड त्यानंतर दोन दिवस तरी खुशीत असणार.

‘आत चढा’ कुठून आलं हेही कळतं. मल्याळममध्ये झाडावर जायला, गाडीत बसायला आणि घरात शिरायलासुद्धा ‘कयरुक’ हे एकच क्रियापद चालतं. मराठीत घरात शिरायला चढावं लागत नाही, मग उंबरा कितीही उंच असो. ‘आत या’ म्हणायचं. उंचीचा हिशेब गाडीच्या बाबतीत मात्र आपण काटेकोरपणे करतो. एसटीत चढतो, लोकलमध्ये चढतो, ट्रकमध्ये तर चढावंच लागतं, पण रिक्षात बसतो. रिक्षात कोणी ‘चढलं’ तर आधीच पाच जण आत कोंबलेले असावेत असं वाटतं. एसटीतही ‘चढणे’ म्हणजे दारातली ती दोन-तीन पायऱ्यांची झटापट, आणि ‘बसणे’ म्हणजे प्रवास. नाशिकला गाडीत बसले आणि पुण्याला उतरले, असं म्हणतात. नाशिकला चढले म्हटलं तर पुढे गर्दीची किंवा जागा न मिळाल्याची हकिगत येणार हे ऐकणारा धरून चालतो.

आता वजनाकडे. ‘चढणे’ आणि ‘वाढणे’ यांचं कोडं तुम्हाला नाशिकमध्येच सुटायला हवं, कारण द्राक्षबागा तुमच्या दारात आहेत. आंबा वाढतो, द्राक्षाची वेल चढते. आंब्याला कोणाचा आधार लागत नाही, तो आपल्या आतून मोठा होतो. वेलीला तार हवी, मांडव हवा. जे स्वतःच मोठं किंवा जास्त होतं ते वाढतं, आणि जे दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने, टप्प्याटप्प्याने वर जातं ते चढतं. तो आधार पायरीचा असेल, भिंतीचा असेल किंवा नुसत्या मोजपट्टीचा असेल.

पावसाळ्यात गोदाघाटावर जा, लगेच पटेल. गंगापूर धरणातला साठा ‘वाढतो’. मग पाणी सोडतात आणि घाटावर ते ‘चढतं’. का? तर तिथे दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं, अशी नाशिककरांची पुराची मोजणी असते. धरणातल्या पाण्याची बातमी आकड्यांत येते, घाटावरच्या पाण्याची मारुतीच्या अंगावरून येते. आणि पूर ओसरायला लागला की तेच पाणी ‘उतरतं’.

ही उतरण्याची अट फार उपयोगी आहे, तुम्ही ती कसोटीसारखी वापरा. जे चढतं ते बहुतेक वेळा उतरतं. ताप चढतो आणि उतरतो. नशा चढते आणि उतरते. लासलगावला कांद्याचा भाव सकाळी चढला तर दुपारी उतरूही शकतो. पण महागाई वाढते, तिला उतरताना कोणी पाहिलेलं नाही. वय वाढतं. पगार वाढतो, आणि तो उतरू नये अशी आपली सगळ्यांची इच्छा असते. शुगरही वाढते आणि कमी होते. बीपीच्या बाबतीत लोक दोन्ही बोलतात, कारण त्या यंत्रात पूर्वी डोळ्यांदेखत पारा वर चढायचा.

तुम्ही हुशार आहात, लगेच विचाराल की ‘वजन उतरलं’ असं तर लोक म्हणतात, मग चढलेलं का चालत नाही? खरं आहे, म्हणतात. तिथे माझी कसोटी लंगडी पडते. पण आजारातून उठलेल्या माणसाबद्दल ‘अंगावर मूठभर मांस चढलं’ हे अस्सल मराठी आहे आणि नातेवाइकांना ऐकायला फार गोड लागतं. आजोबांच्या घरच्यांना पुढच्या वेळी हे सांगा. वजन वाढतं, मांस मात्र अंगावर चढतं, कारण ते बाहेरून येऊन बसल्यासारखं दिसतं. ‘चढणे’ची ही एक वेगळीच फांदी आहे. लोखंडावर गंज चढतो, पितळेवर सोन्याचा मुलामा चढतो, देवळाला कळस चढतो, शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो आणि कर्ज फिटलं तरी तलाठ्याकडे खेपा घालून तो उतरवून घ्यावा लागतो. रक्त ‘चढवतात’ तेही मला याच फांदीवरचं वाटतं. बाटली वर टांगलेली असते, थेंब खाली पडत असतो, तरी आपण रक्त चढवलं म्हणतो. सलाईनला ‘लावली’ आणि ‘चढवली’ दोन्ही चालतं, खेड्यातली माणसं ‘ग्लुकोज चढवलं’ म्हणतात. तुम्ही ‘लावली’ म्हणा. वर सांगितलेली भानगड टळेल.

तुमच्या कामाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बाब आता सांगते. जिना चढताना माणूस कर्ता असतो: मी चढले, तो चढला. पण ताप, दारू, विष, चेव, स्फुरण, माज यांच्या बाबतीत माणूस चढत नाही, त्याला ते चढतं. त्याला ताप चढला, त्याला चेव चढला. इथे माणूस म्हणजे नुसता जिना, चढणारी गोष्ट दुसरीच. आणि बहुतेक वेळा ती डोक्याच्या दिशेनेच निघालेली असते.

विषाबाबत ही कल्पना माणसाच्या जिवावर उठते. साप पायाला चावतो, आणि विष ‘चढतं’ असं बोलून बोलून लोकांना ते नळीतल्या पाण्यासारखं वर सरकताना दिसायला लागतं. मग चावल्याच्या वर करकचून दोरी बांधतात, आणि जे चढलं ते ‘उतरवायला’ भगताकडे नेतात. उतरवायला! शब्दानेच रस्ता दाखवला. दोरीने विष थांबत नाही, पाय मात्र काळानिळा पडतो, आणि प्रतिविषाची इंजेक्शनं मिळायला उशीर होतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. कोकणात विंचूही असाच ‘चढतो’ आणि ‘उतरवतात’. तिथला लाल विंचू हृदयावर आघात करतो. त्यावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवलं आणि मंत्राने विंचू उतरवण्याची गरज संपवली. तेव्हा फोनवर कोणी घाबरून ‘सिस्टर, विष चढतंय’ म्हणालं तर त्यांचा शब्द दुरुस्त करत बसू नका, पण त्याच शब्दात उत्तरही देऊ नका. ‘बांधू नका, चालवू नका, पाय हलू देऊ नका, गाडीत घालून सरळ इकडे आणा.’ एवढंच सांगा.

पाऱ्याचंही थोडं सांगते. काचेच्या थर्मामीटरमध्ये फुग्याच्या वरच नळी चिमटलेली असते, त्यामुळे चढलेला पारा आपोआप खाली येत नाही, झटकून उतरवावा लागतो. साहेबांचा पारा चढतो असं आपण म्हणतो तेव्हा तोही आपोआप उतरत नाही, हे ज्याने ही उपमा पहिल्यांदा दिली त्याला ठाऊक असणार. आता डिजिटल थर्मामीटर आले, साहेबांचा पारा मात्र अजून चढतोच.

मुलीच्या आणि शेजारच्या मुलाच्या भांडणात तुमची मुलगी जिंकली. ‘आम्ही गड चढलो’ हेच बरोबर. मुलाची चूक मात्र बिनडोक नाही. ‘आम्ही गड पाहिला’, ‘आम्ही गड जिंकला’ असं आपण म्हणतो, भूतकाळात क्रियापद गडाप्रमाणे चालतं. मग ‘गड चढला’ का नाही, असा त्याचा हिशेब आहे. पण ‘चढणे’ हे पाहणे-जिंकणेच्या पंक्तीत बसत नाही, ते जाणे-येणेच्या पंक्तीत बसतं. समोर गड असला तरी क्रियापद चढणाऱ्याकडेच बघतं. ‘मी पायऱ्या चढले’, ‘बाबा घाट चढले’, ‘गाडी घाट चढली’. ‘शिकणे’ आणि ‘विसरणे’ही असेच हट्टी आहेत: मी मराठी शिकले, मी छत्री विसरले. हल्ली ‘तिने पायऱ्या चढल्या’ असं कानावर येतं, वर्तमानपत्रातही कधी दिसतं. मला ते खटकतं, पण आणखी पन्नास वर्षांनी कोणाला खटकेल याची हमी देत नाही. ‘चढवणे’ मात्र ‘ने’ घेतंच: दादाने मला घोड्यावर चढवलं.

‘गड चढणे’ आणि ‘गडावर चढणे’ यांत बारीकसा फरक आहे. गड चढला म्हणजे चढण पायांखालून गेली, घाम गळाला. गडावर चढला म्हणजे वर पोचला, तो रोपवेनेही पोचला असेल. तुमच्या जिल्ह्याच्या कडेलाच १६४६ मीटरची कळसूबाई आहे, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिथल्या लोखंडी शिड्यांवरून जाऊन आलेला माणूस ‘कळसूबाई चढलो’ असंच म्हणेल, मधला ‘वर’ गाळून. जिन्याचंही तसंच. ‘जिना चढले’ म्हणायचं. ‘जिन्यावर चढले’ म्हटलं तर तुम्ही तिथे बल्ब बदलायला उभ्या आहात असं वाटेल. झाडाबाबत उलट: झाडावर चढतात, झाड चढत नाहीत. नियम विचारू नका, कान तयार होईल.

तुमच्या पत्राच्या इथे न छापलेल्या भागात आणखी एक वाक्य होतं, ‘मी गणपतीला फूल चढवते’. हे हिंदीतून आलं. आपण देवाला फूल वाहतो, शनीला तेल वाहतो, हार घालतो, नारळ फोडतो किंवा ठेवतो. दर्ग्यावर चादर मात्र चढवतात, तिथे दुसरा शब्द नाही. तसंच ‘वाढवून-चढवून सांगणे’ हेही हिंदीचं. मराठीत तिखटमीठ लावून सांगतात, आणि ते जास्त चविष्ट आहे.

तुमच्याकडे येणारी म्हातारी माणसं ‘आजवर दवाखान्याची पायरी चढलो नव्हतो’ म्हणतात, ते लक्षात ठेवा. तिथे पायरी असो वा नसो, रॅम्पवरून व्हीलचेअरने आलेला माणूसही हेच म्हणतो. वाक्य अभिमानाचं वाटतं पण त्यामागे भीती असते. ज्याने आयुष्यात सुई टोचून घेतलेली नाही असा तो माणूस आहे, त्याच्याशी जरा सावकाश घ्या. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हणही तुम्ही ऐकली असेल. त्या मानाने बोहल्यावर चढणं लोकांना सोपं वाटतं, आणि तिथून उतरण्यासाठी मराठीत वाक्प्रचारच नाही.

आता तुम्हाला लागलेलं ते वाक्य. ‘चढणे’मध्ये दुसऱ्यावर मात करण्याचा एक अर्थ फार जुना आहे. शत्रूवर चढाई करतात. कबड्डीचं मैदान सपाट असतं, तरी समोरच्या अंगणात घुसणाऱ्याच्या त्या ३० सेकंदांना चढाईच म्हणतात. एकमेकांच्या वर जाण्याची धडपड ती चढाओढ, जो वर राहिला तो वरचढ, आणि वर गेल्याचा ज्याला गर्व झाला तो चढेल. लाडावलेलं मूल डोक्यावर चढतं. खोटी स्तुती करून एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात. हरभरा म्हणजे जेमतेम गुडघ्याएवढं रोप, म्हणजे पडणार हे ठरलेलंच. या सगळ्या गोतावळ्यातलं ‘जास्त चढू नका’ हे वाक्य आहे. ‘तुमची पायरी ओळखा’ असा त्याचा अर्थ होतो, आणि ती पायरी बोलणारा ठरवणार.

ही शिवी नाही, पण अपमान आहे. ‘नका’ म्हणून त्यांनी आदरार्थी बहुवचन वापरलं, म्हणून तो कमी होत नाही. तुम्हाला वाईट वाटलं ते भाषा कळली नाही म्हणून नव्हे, नीट कळली म्हणून. त्यांचा माणूस आत पडून आहे, ते घाबरलेले असतील, हे सगळं मान्य. तरी हे वाक्य डॉक्टरांना ऐकवायची त्यांची छाती झाली नसती, सिस्टरला ऐकवलं. यात तुमचं कुठे चुकलं ते शोधत बसू नका.

उत्तरात ‘चढणे’ परत फेकू नका. ‘तुम्ही आवाज चढवू नका’ हे मराठी म्हणून अगदी शुद्ध आहे, पण ते बोललात की पुढचं वाक्य ‘मग काय करणार?’ असंच येणार. ‘आवाज उतरवा’ असं तर मुळीच म्हणू नका. इथे जोडी जमत नाही: आवाज चढला म्हणजे माणूस रागावला, आणि आवाज उतरला म्हणजे तो खचला. चेहरा आणि तोंड तर नुसते उतरतातच, चढत कधी नाहीत. ‘काका, हळू बोला, शेजारी पेशंट झोपलेत. तुमचं काय म्हणणं आहे ते मी लिहून घेते.’ इतकं पुरे. ‘काका’ म्हणा, नुसतं ‘अहो’ नको. नातं लावलं की बहुतेक माणसं एक पायरी तरी खाली येतात.

नाही आले तर तिथे एकट्या उभ्या राहू नका, इन्चार्ज सिस्टरना बोलवा. धमकावणं किंवा हात उगारणं सुरू झालं तर वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, आणि त्यात परिचारिकाही येतात. हे रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला ठाऊक असतंच, कधी कधी आठवण करून द्यावी लागते. आणि नोंदवहीत त्यांचं वाक्य जसंच्या तसं, त्यांच्याच मराठीत, वेळ घालून लिहा. ‘नातेवाईक उद्धटपणे बोलले’ एवढंच लिहिलंत तर चौकशीच्या वेळी पहिला प्रश्न येईल, म्हणजे नेमकं काय बोलले?